.२२ रायफलसाठी परवडणारा स्कोप: काय बघायचं, काय सोडून द्यायचं

माझ्या पहिल्या स्कोपच्या, म्हणजे रायफलवर बसवायच्या नेमाच्या दुर्बिणीच्या, खोक्यावर ६-२४×५० असं ठसठशीत छापलेलं होतं: सहा ते चोवीसपट वाढ, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं. चोवीसपट! पन्नास मीटरवरच्या कागदावर माशी बसली तर तिचे पायही मोजता येतील, असं मनात आलं आणि पैसे मोजून मोकळा झालो. रायफल साधी, बोल्टची, .२२ लाँग रायफल काडतुसाची. तिच्यावर तो स्कोप चढवल्यावर नाकापेक्षा मोती जड अशी गत झाली. पन्नास मिलिमीटरचं पुढचं भिंग बॅरलला टेकू नये म्हणून स्कोप धरणाऱ्या रिंगा उंच लागल्या. रिंगा उंच म्हणून गाल दस्त्यावर टेकेना, आणि गाल टेकेना म्हणून हनुवटीच्या आधारावर मान उचलून बघायची सवय लागली. आधी लोखंडी साइटवर पाच गोळ्या तीन सेंटिमीटरात बसायच्या, त्या आता पाच सेंटिमीटरात विखुरल्या. मी काडतुसांना दोष दिला, मग बॅरलला, मग स्वतःच्या श्वासाला.

उलगडा झाला तो गोळी न झाडता. रिकामी रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवली, तिला हात न लावता स्कोपमध्ये बघितलं आणि फक्त डोकं थोडं वरखाली केलं. रेटिकलचा, म्हणजे आतल्या उभ्या-आडव्या रेघांचा, छेद लक्ष्याच्या मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाच्या वरच्या कडेवरून सरळ खालच्या कडेवर उतरला. रायफल जागची हललेली नव्हती. स्कोपच्या कड्यावर अंतर ‘५०’वर लावलेलं होतं, लक्ष्यही पन्नास मीटरवर होतं. कड्यावरचा आकडाच खोटा होता.

स्वस्त स्कोप घेताना घोडं बहुतेक वेळा इथेच पेंड खातं. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या गोष्टींचे पैसे आपण देतो, आणि ज्यावर नेम अवलंबून असतो ती गोष्ट खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. ठरावीक पैशात कारखाना जितकी जास्त वैशिष्ट्यं कोंबतो, तितका काच आणि आतल्या यंत्रणेवरचा खर्च कमी होतो. आखूडशिंगी, बहुदुधी स्कोप स्वस्तात मिळत नाही.

आधी अंतर ठरवा

दुकानात जाण्याआधी कागदावर लिहून काढा: मी बहुतेक वेळा किती मीटरवर झाडणार, कशावर झाडणार, आणि कुठल्या स्थितीतून. पंचवीस मीटरवर पडणारी लोखंडी लक्ष्यं, पन्नास मीटरवर बेंचवरून कागद आणि शंभर मीटरवर नेम खालीवर करत झाडणं, या तीन कामांना तीन वेगळे स्कोप लागतात.

.२२ लाँग रायफल हे १८८७ सालापासून चालत आलेलं काडतूस. गोळीचं नेहमीचं वजन ४० ग्रेन, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅम. स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसात ती बॅरलमधून साधारण ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते, हाय व्हेलॉसिटीत पावणेचारशेच्या आसपास. धक्का नावापुरता. त्यामुळे मोठ्या रायफलवर महिन्याभरात खिळखिळा होईल असा स्कोपही इथे वर्षानुवर्षं टिकतो. मजबुतीवर फार खर्च करावा लागत नाही, ही आपली बचत. पण गोळी हळू असल्यामुळे ती लवकर खाली येते, आणि आपण जवळच्या अंतरावर झाडतो. जवळच्या अंतरावर स्कोपची एक खोड उघडी पडते ती पॅरॅलॅक्सची. वाचलेले पैसे तिथे घालायचे.

एक गोष्ट मात्र आधीच तपासा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांखालच्या ५० मीटर रायफल स्पर्धांसाठी सराव करत असाल तर तिथे दुर्बिणीची साइट चालतच नाही. छिद्राच्या साइटवरच नेम धरावा लागतो. मग स्कोपचे पैसे चांगल्या मागच्या साइटवर घाला आणि हा लेख इथेच सोडून द्या. बाकीच्यांनी आपल्याकडचा परवाना आणि रेंजचे नियम पाहून पुढे यावं.

पॅरॅलॅक्स: इथे घाई करू नका

पुढचं भिंग लक्ष्याची प्रतिमा नळीच्या आत एका प्रतलावर पाडतं. रेटिकल दुसऱ्या ठरावीक जागी बसवलेलं असतं. दोन्ही एकाच प्रतलात असतील तर डोळा कुठूनही बघो, छेद लक्ष्यावर तिथेच दिसतो. प्रतिमा रेटिकलच्या थोडी पुढे किंवा मागे पडली, की डोळा हलताच छेद लक्ष्यावर सरकतो. खिडकीच्या गजाआडून समोरचं झाड बघताना मान हलवली की गज झाडावरून सरकतो, तसंच.

प्रतिमा कुठे पडणार हे लक्ष्याच्या अंतरावर ठरतं. साध्या स्कोपमध्ये हा मेळ कारखान्यातच एका अंतरासाठी बसवलेला असतो. मोठ्या काडतुसांसाठीच्या स्कोपमध्ये ते अंतर बहुधा १०० यार्ड किंवा त्याहून जास्त असतं; रिमफायरसाठीच्या, म्हणजे आपल्या .२२सारख्या काडतुसांसाठीच्या, स्कोपमध्ये ५० यार्ड, क्वचित ६०. दिसायला दोन्ही सारखेच, किमतीतही फार फरक नाही.

फरक किती पडतो ते आकड्यात बघू. जास्तीत जास्त चूक काढायला पुढच्या भिंगाचा व्यास निम्मा करा, त्याला लक्ष्याचं अंतर आणि मेळाचं अंतर यांच्यातल्या फरकाने गुणा आणि मेळाच्या अंतराने भागा. भिंग ४० मिलिमीटरचं, मेळ १०० मीटरचा, लक्ष्य ५० मीटरवर असेल तर २० गुणिले ५० भागिले १००, म्हणजे १० मिलिमीटर. तोच स्कोप २५ मीटरवर १५ मिलिमीटरपर्यंत फसवू शकतो. ५० मीटर रायफलच्या आयएसएसएफ लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. मध्यावर लावलेला नेम एवढ्या चुकीत सहज त्याबाहेर जातो. मेळ ५० मीटरचा असेल तर ५० मीटरवर चूक उरत नाही, २५ मीटरवर ती १० मिलिमीटरपर्यंत असते.

ही कमाल मर्यादा आहे हे लक्षात ठेवा. डोळा अगदी कडेला, प्रतिमेत काळी सावली शिरू लागण्याच्या बेताला असतो तेव्हाची. डोळा नेमका मध्यावर असेल तर चूक जवळपास शून्य. म्हणूनच गाल दस्त्यावर रोज त्याच जागी टेकणं हा पॅरॅलॅक्सवरचा फुकटचा उपाय आहे. माझ्या बाबतीत उंच रिंगांनी नेमका तोच काढून घेतला होता. सूत्रात भिंगाचा व्यासही आहे, तेव्हा भिंग मोठं तशी चूकही मोठी. पन्नास मिलिमीटरच्या मोहाने मी दोन्ही बाजूंनी मार खाल्ला.

आता निवड. बहुतेक वेळा पंचवीस ते साठ-सत्तर मीटर आणि वाढ नऊपटीपर्यंत असेल, तर ५० यार्डावर मेळ बसवलेला साधा रिमफायर स्कोप घ्या आणि निश्चिंत राहा. दहा मीटरपासून शंभरपर्यंत अंतर बदलत राहणार असेल किंवा बारापटीच्या वर जायचं असेल, तर मेळ बदलता येणारा स्कोप हवा. त्याचं कडं पुढच्या भिंगाभोवती असतं (दुकानात त्याला एओ म्हणतात) किंवा डाव्या बाजूला तिसरी घुंडी असते (साइड फोकस). बाजूची घुंडी वापरायला सोयीची, पण त्यात सुटे भाग जास्त. तेवढ्याच पैशात मी पुढचं कडं घेईन.

कमीत कमी किती अंतरापर्यंत मेळ बसतो हे विचारायला विसरू नका. काही एओ स्कोप ५० यार्डाच्या खाली येतच नाहीत, ते आपल्या कामाचे नाहीत. आणि कड्यावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. स्वस्त स्कोपमध्ये तो आकडा अंदाज असतो. रायफल पिशव्यांवर ठेवून डोकं हलवा आणि छेद सरकायचा थांबेपर्यंत कडं फिरवा. तिथे बारीक चिकटपट्टी लावून पेनाने स्वतःचं अंतर लिहा. माझ्या त्या स्कोपवर खरा पन्नास छापील ७५च्या जवळ निघाला.

किती पॉवर, किती मोठं भिंग

पन्नास मीटरवर .२२च्या गोळीचं छिद्र दिसावं, एवढीच बहुतेकांची हौस असते. पांढऱ्या कागदावर ते नऊपटीत बऱ्यापैकी दिसतं, काळ्या भागात दिसत नाही. त्यासाठी बाजूला ठेवायची साधी स्पॉटिंग दुर्बीण असते. रायफलवर ते ओझं लादायचं कारण नाही. लोखंडी लक्ष्यं आणि उभं राहून नेमबाजी यांसाठी चारपट पुरते, कारण हाताची थरथरही तेवढ्याच पटीने मोठी दिसते. चोवीसपटीत माझा छेद इतका नाचायचा की मी ट्रिगर ओढायचा मुहूर्तच शोधत बसायचो.

भिंगाच्या व्यासाला पॉवरने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ३२ला ४ने भागा, ८ मिलिमीटर. ३२ला ९ने भागा, साधारण साडेतीन. ५०ला २४ने भागा, जेमतेम दोन. दिवसा उजेडात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडी असते, अंधारात तरुण डोळ्याची सातपर्यंत. त्यामुळे उजेडात ३२ मिलिमीटरचं भिंग नऊपटीलाही पुरून उरतं. झोत जाड असला की डोळा पटकन सापडतो; बारीक असला की मान मिलिमीटरभर हलली तरी चित्र काळं.

माझ्या मते पहिल्या स्कोपसाठी ३-९×३२ किंवा २-७×३२, फार तर ३-९×४०. ठरावीक चारपटीचे ४×३२ स्कोप हल्ली कुणी ढुंकून बघत नाही. पण पॉवर बदलायची यंत्रणाच नसल्याने त्याच पैशात त्यांची काच आणि घुंड्या चांगल्या निघण्याची शक्यता जास्त. बेंचवरून कागदच फोडायचा असेल तर एओ असलेला ४-१२×४०. त्याच्यापुढे जायचं तर खिशातही पुढे जावं लागतं.

रेटिकल आणि घुंड्या

बाहेर जाड आणि मध्याकडे बारीक होणारं साधं ड्युप्लेक्स रेटिकल कागदासाठी उत्तम. रेघ फार जाड असेल तर ती लक्ष्यच झाकते, हे दुकानात दूरच्या बारीक अक्षरावर धरून बघा. उजळणारं रेटिकल या किमतीत नको. दिवसा त्याचा उपयोग नाही, आणि त्यासाठी आत एक दिवा, एक बटण आणि बिघडायची एक जागा वाढते.

गोळी किती खाली येईल त्यानुसार खाली खुणा असलेली रेटिकल मोहक वाटतात. .२२ पन्नास मीटरवर झिरो केली, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी बसेल अशी जुळवली, तर शंभर मीटरवर स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी साधारण २० सेंटिमीटर किंवा त्याहून थोडी जास्त खाली बसते. खुणा असल्या तर सोयीच्या पडतात खऱ्या. पण दोन गोष्टी माहीत हव्यात. स्वस्त स्कोपमध्ये रेटिकल बहुधा दुसऱ्या फोकल प्रतलात असतं, म्हणजे पॉवर बदलली तरी रेघांचा आकार तोच राहतो आणि खुणांचं अंतर फक्त एका पॉवरवर, बहुतेक वेळा सर्वात मोठ्या पॉवरवर, खरं ठरतं. नऊपटीवर १०० मीटरची असलेली खूण चारपटीवर भलतीकडे नेते. आणि खुणा एका ठरावीक वेगाच्या काडतुसासाठी आखलेल्या असतात. तुमचं काडतूस वेगळं असेल तर अंतरं स्वतः झाडून ठरवावी लागतात.

नेम वरखाली आणि डावीउजवीकडे सरकवणाऱ्या दोन घुंड्या असतात. घुंडीची एक टिक बहुधा पाव एमओए असते. एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, शंभर मीटरवर २९ मिलिमीटर. म्हणजे एका टिकेला शंभर मीटरवर सात मिलिमीटरच्या थोडं वर, पन्नासवर साडेतीनच्या थोडं वर, पंचवीसवर पावणेदोनच्या आसपास. मिलिरेडियनचा (हे कोनाचंच दुसरं माप) स्कोप असेल तर ०.१ची टिक शंभर मीटरवर १० मिलिमीटर आणि पन्नासवर ५. दोन्ही चालतात. तुमच्या डोक्यात जे मोजमाप बसतं ते घ्या, फक्त रेटिकलच्या खुणा एका मापात आणि घुंड्या दुसऱ्या मापात असा संकर टाळा.

काचेवरच्या लेपाची भाषा

लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण चार टक्के प्रकाश परत फिरतो, आणि स्कोपमध्ये असे अनेक पृष्ठभाग असतात. खोक्यावर ‘कोटेड’ असेल तर काही पृष्ठभागांवर एक थर. ‘फुली मल्टिकोटेड’ असेल तर हवेला लागणाऱ्या सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थर. ‘फुली मल्टिकोटेड’ मागा, पण छापील शब्दापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवा. भिंगावरची भडक लाल झिलई तर दिखाऊ. आत नायट्रोजन भरून सीलबंद केलेला असावा, नाहीतर थंड सकाळी आतून धुकं धरतं आणि ते तुम्हाला पुसता येत नाही.

काउंटरवरच्या दहा मिनिटांत

स्कोप हातात मागा. बंद काचेतून बघून घेऊ नका. दुकानातल्या दिव्याकडे न बघता दाराबाहेर, सावलीतल्या एखाद्या कोपऱ्याकडे धरा. चांगल्या-वाईट काचेतला फरक अंधाऱ्या भागात कळतो. चित्र मध्यावर स्वच्छ आणि कडेला थोडं मवाळ असेल तर या किमतीत क्षम्य आहे. मध्यच धूसर असेल तर परत द्या. उजळ पाटीच्या कडेला जांभळी-हिरवी झालर किती दिसते बघा. सूर्याकडे मात्र कधीच धरू नका, क्षणभरसुद्धा. डोळा कायमचा जाईल.

आयपीसचं, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाचं, कडं फिरवून रेटिकल आपल्या डोळ्याला ठसठशीत करून घ्या. त्यासाठी कोऱ्या भिंतीकडे किंवा आभाळाच्या सूर्यापासून दूरच्या भागाकडे धरून एक-दोन सेकंदच बघायचं, नजर काढायची, कडं फिरवायचं, पुन्हा बघायचं. टक लावून बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि सेटिंग चुकतं. हे एकदा नीट झालं की पुन्हा हात लावायची गरज नाही, आणि हे झाल्याशिवाय पॅरॅलॅक्सची कुठलीही परीक्षा खरी नाही.

मग घुंड्या. टिक बोटाला कळली पाहिजे आणि शक्यतो कानालाही. दहा टिका मोजून पुढे, दहा मागे. पिठात बोट फिरवल्यासारखं वाटलं तर ठेवून द्या. पॉवरचं कडं लहानापासून मोठ्यापर्यंत फिरवताना रेटिकल दूरच्या एका बिंदूवर धरून ठेवा: छेद बिंदूवरून किंचित हलला तर समजू शकतो, भटकायला लागला तर नको. डोळा स्कोपपासून किती लांब ठेवल्यावर पूर्ण चित्र मिळतं तेही बघा. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर हवं. .२२ भुवईवर आपटत नाही, पण हे अंतर फार कमी असेल तर चष्मा लावणाऱ्यांची पंचाईत होते.

शेवटी हलकेच कानाशी नेऊन हलवा. आत काही खडखडलं तर निर्णय सोपा.

रेल आणि रिंगा: कंजुषी करायची नाही ती जागा

लोक स्कोपवर आठवडाभर विचार करतात आणि रिंगा काउंटरवरच्या टोपलीतून उचलतात. माझं उलटं मत आहे: तुमच्याकडे जे पैसे आहेत त्यातून आधी रिंगांचे बाजूला काढा, उरतील त्यात स्कोप घ्या. साधा स्कोप चांगल्या रिंगांत नीट चालतो. उत्तम स्कोप डुगडुगत्या रिंगांत कचरा.

रायफलच्या पाठीवर काय आहे ते आधी बघा. बऱ्याच .२२ रायफलींवर रिसीव्हरमध्येच (बोल्ट सरकतो त्या भागावर) दोन उथळ खाचा कोरलेल्या असतात, त्यांना डव्हटेल म्हणतात. रुंदी साधारण ११ मिलिमीटर किंवा तीन-अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. दोन्हींना लोक एकच समजतात, आणि खाचेचा कोनही कारखान्यागणिक बदलतो. एकीची रिंग दुसरीवर बसल्यासारखी वाटते आणि पन्नास गोळ्यांनी सरकते. म्हणून रिंगा घ्यायला रायफलचं मॉडेल सांगा, नुसतं ‘डव्हटेल’ नको. दुसरा प्रकार आडव्या खाचांच्या रेलचा: वीव्हर किंवा पिकॅटिनी. पिकॅटिनीची खाच सव्वापाच मिलिमीटर रुंद, वीव्हरची साडेचारच्या थोडी वर. म्हणून वीव्हरच्या रिंगा पिकॅटिनीवर सहसा बसतात, उलट मात्र नेहमी बसतीलच असं नाही.

नळीचा व्यास जुळवा: एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर, किंवा ३० मिलिमीटर. उंची अशी निवडा की पुढचं भिंग बॅरलला न लागता, त्यावरच्या झाकणासकट, जेमतेम सुटेल आणि बोल्टची मूठ आयपीसला अडणार नाही. जितकं खाली, तितका गाल नीट. खाली बसवूनही गाल टेकत नसेल तर दस्त्यावर पट्ट्याची गादी बांधा, मान ताणू नका.

बसवणं

बोल्ट उघडा, मॅगझिन काढा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासा. मग हत्यारं काढा.

रिंगांचे खालचे भाग रेलवर बसवून घट्ट करा. आडव्या खाचांच्या रेलवर आवळण्याआधी रिंग खाचेत पुढच्या बाजूला ढकलून ठेवा. स्कोप ठेवा, वरच्या टोप्या सैल लावा. पॉवर सर्वात मोठी करा, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल सहज टेकवा आणि डोळे उघडा. चित्र पूर्ण, काठाला सावली नाही, अशी जागा मिळेपर्यंत स्कोप पुढेमागे सरकवा. ही खटपट झाडायच्या स्थितीतच करा. बेंचवर जुळवलेला स्कोप पोटावर झोपलं की डोळ्याच्या फार जवळ येतो.

आता रेटिकल सरळ करणं. वीस-पंचवीस मीटरवर ओळंबा लटकवा, गवंडी वापरतात तसा, दोऱ्याला वजन. रायफल लेव्हल लावून सपाट धरा आणि उभी रेघ दोऱ्याशी जुळेपर्यंत स्कोप फिरवा. रेघ तिरकी राहिली तर झिरोच्या अंतरावर काही कळत नाही; लांब जाऊन घुंडी वर चढवली की गोळी बाजूला सरकायला लागते.

टोप्यांचे स्क्रू एकाआड एक, थोडे थोडे. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. टॉर्कचा (ठरावीक जोरानेच आवळणारा) पाना असेल तर साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटर. रिंगांच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा. पाना नसेल तर अ‍ॅलन कीची लांब बाजू स्क्रूमध्ये घालून आखूड बाजू दोन बोटांनी आवळा. मनगट लावून आवळलात तर नळी चेपते, आणि मग पॉवरचं कडं का अडतंय हे कळत नाही.

झिरो आणि चौकोनाची परीक्षा

बोल्टची रायफल असेल तर बोल्ट काढा, पिशव्यांवर ठेवून मागून बॅरलमधून पंचवीस मीटरवरचं लक्ष्य बघा, ते गोल छिद्रात मध्यावर आणा आणि रायफल न हलवता घुंड्यांनी छेद तिथे न्या. पहिली गोळी कागदावर बसते. बोल्ट निघत नसेल अशा रायफलीला दहा-पंधरा मीटरवर मोठा कागद लावून सुरुवात करा.

मग पन्नास मीटर, एकाच प्रकारची काडतुसं, पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप. एका गोळीवरून घुंडी फिरवू नका. बहुतेक स्कोपवर बाण गोळी कुठे सरकेल ते दाखवतो, रेटिकल कुठे जाईल ते नाही. स्वस्त घुंडी फिरवल्यावर आतली स्प्रिंग कधी कधी लगेच बसत नाही. पहिल्या एक-दोन गोळ्या जुन्या जागेकडे जातात आणि मग उडी मारतात. टिका दिल्यावर घुंडीवर बोटाने हलकी टपली मारा, दोन गोळ्या सोडून द्या, मग मोजा. आडवी घुंडी टोकाला जाऊनही झिरो होत नसेल तर ओढाताण करू नका. दोष रिंगांत किंवा रेलमध्ये आहे, आणि टोकाला गेलेल्या घुंडीची स्प्रिंग नीट धरतही नाही.

पन्नासवर झिरो झालं की पंचवीसवर गोळी साधारण सेंटिमीटरभर वर आणि दहा मीटरवर तितकीच खाली बसते, स्कोप बॅरलपासून चारेक सेंटिमीटर वर आहे असं धरून. जवळच्या लक्ष्यावर खाली लागतंय म्हणून घुंडीला हात घालू नका.

शेवटी स्कोपची खरी परीक्षा, परत करायची मुदत संपण्याच्या आत. मोठ्या कागदाच्या डाव्या-खालच्या बाजूला एक बिंदू काढा. शेवटपर्यंत नेम त्याच्यावरच. पाच गोळ्या. वीस टिका वर, पाच गोळ्या. वीस उजवीकडे, पाच. वीस खाली, पाच. वीस डावीकडे, आणि शेवटच्या पाच. पाव एमओएच्या स्कोपचा पन्नास मीटरवर साधारण ७३ मिलिमीटर बाजूचा चौकोन उमटायला हवा आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर बसायला हवा. बाजू सत्तर आल्या तरी चालेल, एक टिक थोडी लहान आहे एवढंच समजून वहीत लिहा. शेवटचा ग्रुप पहिल्यावर परतला नाही, तर काच कितीही सुंदर असो, स्कोप परत करा. माझा तो चोवीसपटीचा परतला नव्हता, आणि मी परीक्षा घेतली तोवर पावती कुठे गेली होती कोण जाणे. त्याच्या जागी ५० यार्डांचा ३-९×३२ आला आणि ग्रुप पुन्हा तीन सेंटिमीटरात, कधी त्याच्याही आत, येऊ लागला.

वापरलेला स्कोप मिळत असेल तर हीच परीक्षा घेण्याच्या अटीवर घ्या. नळीवर रिंगांचे खोल ओरखडे असतील तर आधी कुणीतरी मनगट लावलेलं आहे. स्प्रिंगच्या एअर रायफलवर चाललेला असेल तर शंभरदा विचार करा: तिचा धक्का आधी मागे आणि लगेच उलटा पुढे येतो, आणि त्यासाठी न बनवलेल्या स्कोपचं रेटिकल त्यात सैल होतं. याच कारणाने आपला रिमफायर स्कोपही मित्राच्या स्प्रिंग रायफलला उसना देऊ नका.

पावती खोक्यात, खोकं कपाटात. वहीत काडतुसाचं नाव, खोक्यावरचा लॉट नंबर, झिरोचं अंतर आणि दोन्ही घुंड्या कुठल्या आकड्यावर आहेत ते लिहा. काडतुसाचा लॉट बदलला की पन्नास मीटरवर पाच गोळ्या झाडून बघा; .२२ त्याच नावाच्या दुसऱ्या खोक्यातही जागा बदलते, आणि तेव्हा दोष स्कोपचा नसतो.